शेंडा, दोरी आणि दुपारची वेळ : झाड न कापता वळवायचं कसं

गेल्या वर्षी आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवर टोमॅटोचं एक रोप सरळसोट वर गेलं होतं, जवळजवळ माझ्या खांद्याएवढं, आणि त्याला फळं किती, तर चार. दिंडोरीचे मामा लग्नाची पत्रिका द्यायला आले होते, चहाचा कप हातात घेऊन गच्चीवर चक्कर मारायला आले आणि त्या रोपापाशीच थांबले. म्हणाले, "याला वर कशाला पाठवतोस रे, आडवं झोपव की." मी विचारलं, "मामा, शेंडा छाटू का?" तर म्हणाले, "कापायची घाई नको. आधी वाकवून बघ, कापलेलं परत चिकटत नाही."

मामांची द्राक्षबाग आहे, त्यामुळे वेल वळवणं, बांधणं, थांबवणं हे त्यांच्या हातात बसलेलं. पण झाड वाकवलं की फांद्या का फुटतात हे मी विचारल्यावर ते म्हणाले, "शेंड्याचं राज्य असतं ना." तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही, म्हणून मग वाचत बसलो आणि गच्चीवर वर्षभर करूनही बघितलं, ते सगळं इथे सोप्या शब्दांत लिहितोय, कारण नाशकात घरोघरी कुंड्या आहेत आणि "झाड नुसतं उंच जातंय, भरतच नाही" ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकतो.

तर शेंड्याचं राज्य म्हणजे काय. झाडाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, म्हणजे फुटायची वाट बघत बसलेली छोटी कळी. मिरचीच्या रोपावर दहा पानं असतील तर दहा ठिकाणी फांदी फुटू शकते, पण फुटत नाही, कारण सगळ्यात वरचा जो कोवळा शेंडा आहे तो ऑक्झिन नावाचं एक संप्रेरक बनवत असतो आणि ते खोडातून खाली खाली उतरत असतं, आणि ते उतरतंय तोवर खालचे डोळे झोपलेले राहतात. एकत्र कुटुंबात थोरले बोलत असले की धाकटे गप्प बसतात ना, अगदी तसंच. थोरले उठून गेले की मग सगळ्यांनाच कंठ फुटतो.

हे कळायलाही माणसांना बराच वेळ लागला बरं का. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून दाखवलं की उजेड कळतो तो टोकाला आणि वाकतो मात्र खालचा भाग, म्हणजे टोकाकडून काहीतरी निरोप खाली जात असणार. तो निरोप म्हणजे एक रसायन आहे हे फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाच्या १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पक्कं झालं, त्यानं ओटच्या कोंबांची टोकं कापून अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, तुकड्यांवर ठेवली, टोकातलं द्रव्य अगारमध्ये उतरलं, आणि मग नुसता तो अगारचा तुकडा बिनटोकाच्या कोंबावर एका बाजूला ठेवला तरी कोंब वाकला. पुढे १९३३ मध्ये थिमान आणि स्कूग या दोघांनी घेवड्याच्या जातीतल्या एका रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावलं, तर शेंडा नसूनही खालचे डोळे गप्पच राहिले. शेंड्याचं राज्य म्हणतात ते खरं हे तिथे सिद्ध झालं.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही, आणि मला तर हा पुढचा भागच जास्त आवडतो. २०१४ साली वाटाण्याच्या रोपांवरचं एक संशोधन आलं, त्यात दिसलं की शेंडा कापल्यावर खालचे डोळे इतक्या लवकर जागे होतात की तिथलं ऑक्झिन तोवर कमी झालेलंच नसतं, आधी पोचते ती साखर. म्हणजे पानांनी बनवलेली साखर शेंडा आधी स्वतःकडे ओढून घेत होता, तो गेल्यावर ती बाकीच्या डोळ्यांकडे वळली आणि ते फुटले. शिवाय मुळांकडून वर येणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक डोळ्यांना उठवायला मदत करतं. तेव्हा नुसता थोरल्यांचा धाक नाही, ताटात वाढलंही त्यांनाच जास्त जात होतं असं समजा.

आता शेंड्याचं राज्य कमी करायचे दोन रस्ते. एक, शेंडा खुडायचा. हे जलद होतं, पण झाडाला जखम होते आणि पुन्हा वाढीला लागायला काही दिवस जातात. दुसरा, शेंडा तसाच ठेवून त्याला फक्त खाली आणायचं. खोड आडवं केलं की शेंडा आणि बाकीचे डोळे जवळपास एकाच उंचीवर येतात, शेंड्याचा जोर कमी होतो, आणि इतके दिवस सावलीत असलेल्या बगलेतल्या डोळ्यांवर थेट ऊन पडतं. आडव्या खोडाच्या वरच्या बाजूचे डोळे आधी फुटतात, खालच्या बाजूचे बहुतेक तसेच राहतात. आणि शेंडा काय करतो? तुम्ही संध्याकाळी वाकवून बांधलात तर सकाळी चहा घेऊन वर जा आणि बघा, शेवटची चार बोटं परत आकाशाकडे वळलेली असतात. झाडाच्या पेशींमध्ये स्टार्चचे अगदी बारीक कण असतात, ते वजनानं खाली बसतात, आणि ते कुठे बसलेत त्यावरून झाडाला वर कुठे आणि खाली कुठे ते कळतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दहा मिनिटं तिथेच उभा होतो.

हे सगळं समजून घ्यायचं तर नाशिककराला लांब जायची गरजच नाही, पिंपळगाव, निफाड, दिंडोरी, कुठल्याही रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना हेच चाललेलं आहे. द्राक्षाचा वेल आपल्या मर्जीनं सोडला तर तो झाडावर चढत चढत टोकाला जाईल आणि घड लावले तर तिथे लावेल. बागायतदार काय करतो, तर कलम केलेल्या रोपाला रिकट घेतल्यावर, म्हणजे ते एकदा खाली छाटल्यावर, जी जोमदार फूट येते ती बांबूला सुतळीनं बांधत बांधत सरळ वर नेतो, मांडवाच्या तारेच्या थोडं खाली तिचा शेंडा मारतो, म्हणजे खुडतो, आणि तिथून दोन फुटी दोन बाजूंना तारेवर आडव्या घेतो. हे झाले ओलांडे. या ओलांड्यांवरच पुढे वर्षानुवर्षं काड्या येणार आणि काड्यांवर घड.

इथे एक चूक नवीन बागेत हमखास होते असं मामा सांगतात. वेल जोरात असतो, माणूस खूश होतो आणि ओलांडा एका दमात तारेच्या टोकापर्यंत पळवतो. दिसायला छान दिसतं, पण मग काड्या फुटतात त्या ओलांड्याच्या शेवटाला, मधला भाग टकलासारखा मोकळा, आणि तो मोकळा भाग पुढे कायमचा राहतो. म्हणून स्टॉप अँड गो करतात, म्हणजे ओलांडा थोडा वाढू द्यायचा, सहा-सात पानांवर थांबवायचा, मागचे डोळे फुटू द्यायचे, मग पुढची फूट पुन्हा तारेवर घ्यायची, पुन्हा थांबवायचं. वेळ जास्त जातो पण ओलांड्यावर काड्या सगळीकडे सारख्या मिळतात. शेंड्याचं राज्य वरचेवर मोडत जायचं, एकदाच नाही.

आणि बागेत दरवर्षी ज्या दोन छाटण्या होतात त्यांच्यामागेही हाच विचार आहे. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या ओलांड्याजवळ छाटणं, झाली की नवीन काड्या येतात, आणि त्यानंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. डोळ्यानं काहीच दिसत नाही, पण पीक ठरतं ते तेव्हा. ऑक्टोबरला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, केल्यावर जे घड बाहेर पडतात ते मे-जूनमध्येच आत तयार झालेले असतात. त्या दिवसांत काडीवर ऊन पाहिजे. म्हणून फुटींची विरळणी, बगलफुटी काढणं, काड्या एकमेकींवर न येऊ देता तारेवर पसरवून बांधणं, सात-आठ पानांवर शेंडा मारून सबकेन करणं, म्हणजे काडीवर पुढची उपकाडी येऊ देणं, ही सगळी कामं तेव्हाच करतात, वर ढगाळ हवामान लांबलं तर बागायतदाराच्या चेहऱ्यावर काळजी दिसते ती उगाच नाही. सबकेन केलेल्या काडीवर जी गाठ येते तिच्या आसपासच्या डोळ्यांत घड सापडण्याची शक्यता जास्त असते, आणि गोडी छाटणीच्या आधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतात, कितव्या डोळ्यावर छाटायचं ते त्यावरून ठरवतात. मला हे कळल्यापासून मांडवाखालून जाताना वर बघायची नजरच बदलली.

आता परत गच्चीवर. मामा गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी सकाळी सहाला उठलो, रोपाला भरपूर पाणी घातलं, आणि वाकवायला घेतलं. निम्म्यात आलो आणि कट्ट. खोड मोडलं, अर्धं तुटलं, एका बाजूची साल तेवढी धरून होती. खूप वाईट वाटलं, दोन महिने वाढवलेलं रोप होतं. मामांना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, "किती वाजता वाकवलंस?" मग त्यांनी सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. पहाटे झाड पाण्यानं टच्च भरलेलं असतं, रात्रभर मुळांनी ओढलेलं पाणी पेशीपेशीत असतं, तेव्हा कोवळी फांदी काकडीसारखी मोडते. दुपारी तीन-चारच्या सुमाराला उन्हानं थोडं पाणी उडून गेलेलं असतं, फांदी मऊ पडलेली असते, तेव्हा ती ऐकते. बागेत कोवळ्या फुटी बांधायच्या तर ते उन्हं चढल्यावरच हात घालतात म्हणे. आणि वाकवायच्या आधी पाणी घालायचं नाही, नंतर घालायचं.

मोडलेलं रोप मात्र वाचलं. तुटलेला भाग परत जागेवर बसवला, दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या लावल्या आणि त्यावर मऊ टेप गुंडाळला, दोन दिवस सावलीत ठेवलं. एका बाजूची साल शाबूत असेल तर टोमॅटो असा भरून येतो. काही दिवसांनी टेप काढला तेव्हा तिथे बोटाच्या पेरासारखी जाड गाठ आली होती, आणि पुढे अख्ख्या रोपात तीच जागा सगळ्यात मजबूत निघाली.

वाकवायचं कसं ते नीट सांगतो कारण इथेच सगळं आहे. आधी खोडाचा बुंधा दुसऱ्या बाजूनं बांधून घ्या, म्हणजे शेंडा ओढताना मुळं उपटणार नाहीत, हे बरेच जण विसरतात. मग डाव्या हाताचा अंगठा जिथून वाकवायचं त्या जागेच्या आत, बोटं बाहेर, आणि उजव्या हातानं शेंड्याकडचा भाग हळूहळू खाली. एका जागी कोन करायचा नाही, लांब कमान करायची. हाताला आतून बारीक करकर जाणवली की तिथेच थांबा, तेवढ्यावर बांधा आणि दोन-तीन दिवसांनी अजून थोडं खाली घ्या. एका दिवसात आडवं झालंच पाहिजे असं काही नाही. खोड हिरवं आहे तोवरच हे जमतं, एकदा तपकिरी आणि लाकडी झालं की जुन्या खोडाच्या नादी लागू नका, त्याच्यावरच्या नवीन फुटी वळवा.

बांधायला मी जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या वापरतो, सुतळीही चालते, पण बारीक तार किंवा नायलॉनची दोरी नको, ती सालीत रुतते. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मारायची, एका वेढ्यात फांदी, दुसऱ्यात आधार, मध्ये जागा. रंगाच्या डब्यात झाड असेल तर डब्याच्या काठाला तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडून घ्या, कुठल्याही बाजूला ओढता येतं. आणि दर आठ दिवसांनी प्रत्येक गाठ बघायचीच, खोड जाड होत असतं आणि पट्टी आहे तेवढीच राहते. माझ्या एका जास्वंदीच्या फांदीवर अजून वळ आहे, पावसाळ्यात पंधरा दिवस बाहेरगावी होतो तेव्हाचा.

कुठल्या झाडाला काय, तर सगळ्यात सुंदर निकाल मिळतो तो वेली गुलाबाला. नाशिकचं मुघलांच्या काळातलं नाव गुलशनाबाद, फुलांचं गाव, तेव्हा गुलाबापासूनच सुरुवात करा. वेली गुलाब सरळ वर चढवला तर फुलं फक्त टोकाला, शेजाऱ्यांना दिसतात, आपल्याला नाही. तीच काडी कठड्याला धरून आडवी बांधली तर जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून आखूड फूट येते आणि प्रत्येक फुटीच्या टोकाला कळी. बोगनवेल, जुई यांनाही हे मानवतं. मिरची आणि वांग्याला मी वाकवण्यापेक्षा रोप लहान असताना सहा-आठ पानांवर शेंडा खुडणं पसंत करतो, झुडूप रुंद होतं. दुधी, दोडका यांचं वेगळं आहे, तिथे मुख्य वेलावर नर फुलं जास्त आणि बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात, म्हणून मुख्य वेलाचा शेंडा मारायचा, मग जी फांदी येईल तिचाही, आणि तिसऱ्या पिढीच्या फांदीवर फळं घ्यायची, याला सगळे थ्री जी कटिंग म्हणतात. बुटक्या जातीच्या टोमॅटोला हात लावू नका, त्याची वाढ आपोआपच थांबते. आणि नारळ, सुपारी यांचा शेंडा चुकूनही नाही, त्यांना वाढायचा डोळा तो एकच.

यूट्यूबवर लो स्ट्रेस ट्रेनिंग किंवा एलएसटी, म्हणजे झाडाला फार ताण न देता वळवणं, असं शोधलंत तर बहुतेक व्हिडिओ परदेशातले, गांजाच्या झाडावरचे येतील, तिकडे काही देशांत त्याला परवानगी आहे आणि घरात दिव्याखाली कमी उंचीत झाड पसरवायचं म्हणून त्यांनी हे तंत्र फार बारकाईनं वापरलंय. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानं विनापरवाना त्याची लागवड गुन्हा आहे, कुंडीत एक झाड असलं तरी, त्यामुळे तो विषय आपल्यासाठी तिथेच संपतो. पण तंत्र त्या झाडाचं नाही, शेंडा असलेल्या कुठल्याही झुडपाचं आहे, आणि आपल्या बागायतदारांच्या हातात ते आधीपासूनच आहे, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

वेळेचं म्हणाल तर नाशकात जून-जुलै आणि मग फेब्रुवारी हे चांगले महिने, झाड वाढीत असतं आणि ताण सोसतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा नको, कारण वाकवल्यावर आजवर पानांच्या सावलीत असलेलं खोड एकदम उघडं पडतं आणि भाजतं. नुकतंच कुंडी बदललेलं झाड, रोग पडलेलं झाड, पाण्याविना सुकलेलं झाड यांना आधी सावरू द्या. उलट पावसाळ्यात पसरट झाडाचा एक फायदा मिळतो, हवा खेळती राहते, पानं लवकर वाळतात, मग भुरी आणि करपा कमी येतो. द्राक्षात डाऊनी म्हणजे केवडा रोगाच्या भीतीनं कॅनॉपी, म्हणजे पानांचा पसारा, मोकळी ठेवतात तीही याचसाठी.

आणि एक सगळ्यात सोपी गोष्ट, जिला दोरीही लागत नाही. रोपं लहान असताना रोज त्यांच्या शेंड्यांवरून तळहात हलका फिरवा, दहा-वीस वेळा, लहान मुलाच्या केसांतून फिरवतो तसा. एम. जे. जॅफी या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७३ मध्ये दाखवलं की स्पर्शानं आणि हलवण्यानं झाडं कमी उंच आणि जास्त जाड होतात, वाऱ्याला उभं राहायची ती त्यांची तयारी असते. खिडकीतली रोपं लांबुडकी आणि गच्चीतली ठेंगणी का असतात त्याचं एक कारण उजेड आहे आणि दुसरं हे.

या वर्षीचं टोमॅटोचं रोप मी जुलैत वाकवलं, दुपारी साडेतीनला, चार टप्प्यांत. कठड्याला धरून ते आता तीन फूट आडवं पसरलंय आणि वर सात फुटी उभ्या आहेत, प्रत्येकीवर फुलांचा घोस. मामांना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "तिसरी गाठ सैल कर, रुतायला लागलीय." वर जाऊन बघितलं, खरंच रुतायला लागली होती.